आत्यासाठी घेतलेली लांब पल्ल्याची गाडी

प्रिय दादास,

सप्रेम नमस्कार. (नमस्कार जरा रागावलेला आहे, पण आतून सप्रेमच आहे असं समजून घे.) आम्ही सगळे धडधाकट आहोत, तूही असशील. तुझा खोकला, तुझी पाठ आणि तू बांधतोयस तो पूल या तिघांची खुशाली कळव, आणि त्यातला पूल तरी एकदाचा उभा राहू दे. गेल्या खेपेला तुझी वरची डावी दाढ मी तात्पुरती भरून दिली होती आणि लवकर पक्की करून घे म्हणून बजावलं होतं. ती अजून तोंडात असेल तर तिलाही माझा नमस्कार सांग. पत्र लिहिते आहे, कारण तुझा फोन लागत नाही. 'लागत नाही' एवढे दोन शब्द लिहितानासुद्धा हल्ली माझा हात थबकतो. का, ते पुढे येईलच.

सगळ्याचं मूळ तुझ्याच फोनमध्ये आहे, पण आधी थोडं मागे जाते. आत्याने घर बांधलं तेव्हा बाबा ते बघायला गेले, आणि आत पाऊल टाकायच्या आधी त्यांनी खिशातून पाणसळ काढून उंबऱ्यावर ठेवली. (पाणसळ म्हणजे गवंड्यांची ती बुडबुडा असलेली पट्टी. लोक खिशात रुमाल ठेवतात, वजनमापे निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले तुझे मामा पाणसळ ठेवतात. नोकरीभर दुसऱ्यांच्या तराजूत खोट काढत फिरलेल्या माणसाचे हात रिकामे राहू शकत नाहीत.) बुडबुडा मधोमध न थांबता जरा डावीकडे सरकला. बाबा म्हणाले, ताई, उंबरा कलला आहे. आत्या म्हणाली, मग ओलांडू नकोस. झालं. बाबा तिथूनच माघारी फिरले, आणि तेव्हापासून तिने इकडे यावं असं बाबांचं म्हणणं आणि त्याने तिकडे यावं असं आत्याचं. दोघांच्या मध्ये अख्ख्या एका दिवसाचा रस्ता आणि तो उंबरा.

यंदा मात्र बाबा एकदम मऊ झाले. म्हणाले, ताईला इकडे राहायला आणा. मी विचारलं, आताच कशी आठवण झाली? तर पेपरातून डोकं न काढता म्हणाले, मला 'बारक्या' म्हणणारं जगात एवढं एकच माणूस उरलंय, आणि तेही सध्या मला काही म्हणत नाही. दादा, मी दातांची डॉक्टर आहे, माणूस तोंड उघडून किती उघडेल याचा मला अंदाज असतो. बाबांचं तोंड याच्यापेक्षा जास्त कधी उघडलेलं मी पाहिलेलं नाही. म्हणून मी तुला निरोप धाडला, तू आत्याला विचारलंस आणि तुझा तो फोन आला. मागे तुझं काँक्रीट कालवायचं यंत्र घरघरत होतं, आणि तू घाईघाईत बाबांना जे सांगितलंस ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मी शेजारी उभी होते: "मामा, आईची ना नाही. फक्त तिला उशी कडक लागते, अंघोळीला पाणी कढत लागतं, गाडी लागते, दुपारी खोलीत अंधार लागतो आणि चहा झाकून आणलेला लागतो. ठेवतो, इकडे स्लॅब चालू आहे." आणि ठेवलास.

बाबांनी फोन खाली ठेवला, बोटांवर पाचही गोष्टी मोजल्या आणि म्हणाले, ताई तशी कमीच मागते. मग म्हणाले, गाडी घ्या.

घरात गाडी नव्हतीच. माझा दवाखाना खाली, आम्ही वर. ह्यांची शाळा समोर. (ह्यांना इतकी वर्षं ओळखतोस, तरी सांगते, की हे अजून भाषा आणि व्याकरणच शिकवतात, घरीसुद्धा.) भाड्याची गाडी करू म्हटलं तर बाबा असे बघायला लागले, जणू मी भाड्याची आत्या आणू म्हटलं होतं. तेव्हा घ्यायची ठरली, आणि लांब पल्ल्याचीच घ्यायची ठरली. आता यात शेजारच्या सर्वज्ञांनी उडी घेतली. या गृहस्थांनी आयुष्यात सायकलशिवाय काही घेतलेलं नाही, त्यामुळे त्यांचं गाडीबद्दलचं मत अनुभवाने कुठेच मळलेलं नाही. लांब पल्ल्याला उंच गाडी हवी, हे त्यांनी आम्हाला कुंपणावरून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं की उंच गाडी वळणावर झोपते. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आमच्याबरोबर शोरूमला यायला निघाले, डोक्याला टोपी घालून, म्हणजे गाडीत टोपी टेकते का ते बघता यावं म्हणून.

शोरूमचं काय वर्णन करू. तिथे इतका उजेड असतो की माझ्या खुर्चीवरच्या दिव्याला लाज वाटावी. विक्रेता बिचारा हसतमुख. (दात उत्तम, खालच्या ओळीत थोडी गर्दी.) त्याने विचारलं, आपल्याला गाडीत प्रामुख्याने काय बघायचं आहे? हा प्रश्न त्याने विचारायला नको होता. बाबांनी टेप काढली आणि डिकीत उतरले. आत्याची ती हिरवी पत्र्याची ट्रंक त्यांना लहानपणापासून पाठ आहे, तिची लांबी, रुंदी आणि पोचा आलेला कोपरा. सर्वज्ञ टोपी घालून एकामागून एक गाडीत बसायला लागले. ह्यांनी माहितीपत्रक उघडलं आणि 'अतिशय सर्वोत्तम' या शब्दांपाशी अडले. सर्वोत्तमाच्या वर आणखी अतिशय कुठून आणणार, असं त्यांनी विक्रेत्याला शांतपणे विचारलं, आणि खिशातलं लाल पेन काढून ते पत्रक शेवटच्या पानापर्यंत तपासून त्याच्या हातात परत दिलं. विक्रेत्याने नकळत पहिल्या पानावर गुण शोधले. आणि मी? माझ्याकडे कोणी बघत नव्हतं म्हणून सांगते. मी गाड्यांच्या तोंडांकडे बघत होते. हल्ली गाड्यांना पुढे जाळी असते ना, तिला मी दात म्हणते. एकीचे दात पुढे, एकीचे किडल्यासारखे काळे, एक तर अशी दात विचकून उभी होती की रस्त्यावर समोरचा भांडायलाच उतरेल. मला तोंड मिटून चालणारी गाडी हवी होती. तशी एकही नव्हती. तशी माणसंही फारशी नसतात म्हणा.

खरी करामत चाचणीच्या वेळी झाली. गाडी चालवून बघायची तर ती आत्याच्या दृष्टीने बघायला हवी, आणि आत्या तर इथे नाही. तेव्हा बाबा म्हणाले, मी ताई होतो. आणि झाले. मागच्या सीटवर डोळे मिटून बसले, पाय वर घेतले आणि चक्क तिच्या आवाजात कुरकुरायला लागले. बारक्या, ऊन येतंय. बारक्या, ही उशी का कणकेचा गोळा? एवढी वर्षं तोंड न पाहिलेल्या बहिणीची नक्कल त्यांना इतकी हुबेहूब येते हे मला ठाऊक नव्हतं. विक्रेता वळणा-वळणावर आरशातून मागे बघत होता. तिसऱ्या गाडीपर्यंत तोही त्यांना 'ताई, वारा लागतोय का?' असं विचारायला लागला, आणि बाबाही 'जरा कमी कर रे' म्हणायला लागले. शेवटी जी गाडी ठरली ती ताईंनी पसंत केली म्हणून ठरली. सात माणसांची आहे, लांबरुंद, आणि तिचा रंग पत्रकात 'चंद्रधूळ' म्हणून दिलाय. मी त्याला दातावरचा जुना डाग म्हणते, पण घरात माझं ऐकतो कोण.

मग तुझ्या पाच अटींप्रमाणे तिची सजावट झाली. खिडक्यांना काळे पडदे (दुपारचा अंधार). मागे प्लगवर चालणारी किटली (कढत पाणी, त्यात अंघोळ कशी होणार, याचं उत्तर बाबांनी 'बघू' असं दिलं). चहासाठी झाकणाचा पेला. आणि कडक उशी, जी बाबांनी दुकानात सोळा-सतरा उशांवर कोपर रोवून निवडली आणि घरी आणून मागच्या सीटवर पट्टा लावून बसवली. पट्टा नाही लावला तर गाडी ठणाणा करते, तिला उशी आणि आत्या यांतला फरक कळत नाही.

गाडीची निगा या विषयावर मी वेगळं पुस्तक लिहीन. ह्यांनी तिच्यासोबत आलेली माहितीपुस्तिका वाचली. संपूर्ण. अशी पुस्तिका संपूर्ण वाचणारा जगातला हा पहिला माणूस असावा, आणि ती वाचल्यापासून ते पूर्वीचे राहिलेले नाहीत. सीटांवरचं प्लास्टिक काढायचं नाही. आत बूट घालून बसायचं नाही. काचेचं फडकं वेगळं, अंगाचं वेगळं, चाकांचं वेगळं. एकदा मी चाकांच्या फडक्याने काच पुसली तर दिवसभर माझ्याशी फक्त सर्वनामांत बोलत होते. बाबा रोज सकाळी हवेचा दाब मोजायचं यंत्र घेऊन चारी चाकांची नाडी बघायचे आणि नाश्त्याच्या वेळी गंभीरपणे जाहीर करायचे: डावं पुढचं जरा उतरलंय. मग आम्हा सगळ्यांचा घास घशात अडकायचा. स्वतःची रक्तदाबाची गोळी ते हमखास विसरत, पण डाव्या पुढच्याला कधी विसरले नाहीत.

या सगळ्यात गाडी चालवायची मात्र कोणी नाही. लांबच्या प्रवासाआधी ती दमायला नको, असं दोघांचं ठरलं होतं. होता होता एके सकाळी ती चालूच होईना. मेकॅनिक आला. उदास गृहस्थ. त्याने बोनेट उघडून आत असं पाहिलं, जसं लोक दवाखान्यात भेटायला येऊन पेशंटकडे बघतात, आणि सांगितलं की बॅटरी उभ्या उभ्या मेली, हिला रोज थोडं हिंडवा. तेव्हापासून रोज संध्याकाळी हे, बाबा आणि मी, तिघं मोजे घालून, प्लास्टिकवर घसरत, घराभोवती तीन चकरा मारायचो. चौथ्या जागी उशी. लोक खिडकीतून हात करायचे. काही जण उशीलाही करायचे.

तर अशा थाटात शेवटी आत्याला आणायला निघालो. तू म्हणशील, मामाही? हो, मामाही. घरी थांबा म्हटलं तर म्हणाले, गाडीची जबाबदारी माझी आहे, मी गाडीबरोबर जातोय, ताईच्या घरी जात नाहीये. हा फरक त्यांनी मला दोनदा समजावला. निघताना सर्वज्ञांनी कुंपणावरून गाडीला टोपी काढून निरोप दिला.

रस्त्यात जे जे झालं ते सगळं लिहीत नाही, कारण त्यातलं निम्मं तुझ्या मेव्हण्याच्या अब्रूचं आहे. एकच सांगते. गाडीत रस्ता सांगणारी एक बाई असते, तुला माहीत असेल. ती म्हणाली, "दोनशे मीटरवर डावे वळा." हे म्हणाले, डावे वळा नाही, डावीकडे वळा. ती पुन्हा म्हणाली, डावे वळा. हे म्हणाले, मी वळणार नाही. मी म्हटलं, अहो, वळा, ती काय तुमच्या वर्गात आहे का? हे म्हणाले, आज मी वळलो तर उद्या ही 'उजवे थांबा' म्हणेल. आणि सरळ गेले. सरळ गेल्यावर आधी डांबर संपलं, मग खडी संपली आणि आम्ही एका कोंबड्यांच्या फार्मच्या अंगणात जाऊन थांबलो. बाई शांतपणे म्हणाली, आपण पोहोचला आहात. कोंबड्यांचा मालक धावत आला. गाडी वळवायला जागा होईपर्यंत त्याला चारशे कोंबड्या हलवाव्या लागल्या, आणि त्या वेळात बाबांनी त्याच्या काट्यावर पाणसळ ठेवून काटा कलला असल्याचं त्याला सांगून टाकलं. आम्ही तिथून जरा लवकरच निघालो. त्या गडबडीत बाबांचं लाडकं डावं पुढचं चाक बसलं. जादा चाक डिकीच्या तळाशी, त्यावर तीन बॅगा आणि माझी औजारांची पेटी. सगळं काढून रस्त्यावर मांडलं तेव्हा जाणारे लोक भाव विचारायला थांबत होते. मागची रांग आत्याच्या ट्रंकेसाठी दुमडलेली, तिथे आता ते चिखलाचं चाक, म्हणून मी म्हटलं, उशीच्या सीटवर बॅगा ठेवू. बाबा म्हणाले, ती ताईची जागा आहे, तिथे सामान ठेवायचं नाही. म्हणजे सामान माझ्या मांडीवर. तुझ्या आईच्या दारात मी पोहोचले ती दाताच्या पकडींची पेटी बाळासारखी पोटाशी धरून.

आत्या फाटकात उभी होती. तशीच आहे, ताठ, काठी नाही, चष्मा नाकाच्या टोकावर. मी उतरले, हे उतरले. बाबा उतरले नाहीत. काच अर्धी खाली करून समोर बघत बसले. आत्याने गाडीला एक फेरी मारली. चाकांकडे वाकून बघितलं. जाळीकडे बघून म्हणाली, हिचे दात बरे आहेत गं. (माझ्या घराण्यात हे बघणारी एकटी मी नाही, हे कळून मला भरून आलं.) मग खिडकीपाशी येऊन थांबली. शेवटी बाबांनी हात लांबवून पलीकडचं दार उघडलं, उशीचा पट्टा सोडला आणि उशीवर दोनदा थोपटलं. आत्या आली, आत बसली, पाठीमागे उशी चाचपून पाहिली, पडदा ओढून पाहिला, किटलीकडे पाहिलं. आणि एकाएकी तोंडावर रुमाल धरून तिने डोळे मिटले.

गाडी बंद होती, दादा. किल्ली ह्यांच्या खिशात होती, दार उघडं होतं आणि आत्याचा एक पाय अजून जमिनीवर होता.

"मी सांगितलं होतं ना," आत्या रुमालाआडून म्हणाली, "मला गाडी लागते म्हणून?"

"म्हणून तर घेतली ना, ताई," बाबा म्हणाले.

माझ्या डोक्यात तुझा फोन पुन्हा वाजला: उशी लागते, पाणी लागतं, गाडी लागते. आत्या डोळे मिटूनच होती. (रंग मात्र छान होता तिचा. घाबरलेल्या, मळमळणाऱ्या पेशंटचा रंग मी दिवसातून पाच-सहा वेळा बघते. पण ते नंतर.) बाबांच्या चेहऱ्यावरून समज अशी हळूहळू उतरली, जसा पडदा उतरतो. आणि अशा या क्षणी तुझ्या मेव्हण्याला काय सुचावं? हे दाराला टेकून, अत्यंत हळहळत म्हणाले, 'लागणे'. मग म्हणाले, मी हे क्रियापद बत्तीस मुलांना शिकवतो. भूक लागते म्हणजे भूक हवी असते असं नव्हे. ठेच लागते ती कोणी मागवत नाही. झोप लागते, वेड लागतं, नाद लागतो, फोन लागतो, नंबर लागतो, घरात पैसा लागतो, डोळा लागतो. उशी लागते ती एक, आणि गाडी लागते ती दुसरीच. माझ्या घरात, माझ्या कानांदेखत हे वाक्य बोललं गेलं आणि मी गाडी घेतली. मी म्हटलं, अहो, पुरे. तर म्हणाले, मनाला लागतं ना गं.

आता पेच बघ. आत्या गाडीतून कुठेच जाऊ शकत नाही. बाबा घराचा उंबरा ओलांडू शकत नाहीत, कारण तो कलला आहे आणि ते गाडीबरोबर आले आहेत, घरी आलेले नाहीत. म्हणजे एवढ्या वर्षांनी, एवढ्या खटाटोपाने भेटलेली दोन माणसं फाटकाच्या दोन बाजूंना परत जाणार. मी आत्याला म्हटलं, आत जाऊया का? ती म्हणाली, त्याला विचार. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, मी इथे बरा आहे, प्लास्टिक गार आहे. शेवटी आत्याच उठली, आत गेली, चहा करून आणला. झाकून. एक पेला बाबांच्या हातात दिला आणि स्वतः पुढे वळसा घालून चालकाच्या सीटवर बसली. म्हणाली, पुढे बसलं की मला जरा कमी त्रास होतो, त्यातून गाडी उभी असली की मुळीच होत नाही. मग तिने स्टिअरिंग धरून बघितलं, आणि आरशातून मागे बघत म्हणाली, "बोल बारक्या, कुठे जायचं?"

दादा, मी दवाखान्यात कधी रडत नाही, म्हणून इथेही नाही रडले. पण पकडींची पेटी जरा घट्ट धरली.

बाबा खुलले ते असे खुलले की विचारू नकोस. आधी त्यांनी तिला दोघांच्या शाळेला न्यायला सांगितलं, मग आजीच्या घरी, मग त्या नदीवर जिथे तिने त्यांना पाण्यात ढकललं होतं (तिच्या मते ते घसरले होते), आणि प्रत्येक ठिकाणी रस्त्यावरून भांडण. गाडी जागची हलली नाही आणि दोघं चुकीच्या वळणावरून एकमेकांना बोल लावत होती. इतका चहा, इतकी वळणं, आणि बाबांचं वय. तासाभराने ते गप्प झाले. मग जरा हलले. मग म्हणाले, ताई, या प्रवासात मध्ये कुठे थांबायची सोय आहे का?

"घरात आहे," आत्या म्हणाली. आरशात बघूनच म्हणाली.

दोन्हीकडच्या कोणाही नातेवाइकाला जे जमलं नाही, ते बाबांच्या मूत्राशयाने केलं. ते उतरले. मोज्यांवरच अंगणातून गेले. उंबऱ्यापाशी मात्र थबकले, आणि मला धडकी भरली, कारण हात खिशाकडे गेला. पाणसळ निघाली. वाकले, उंबऱ्यावर ठेवली. आम्ही सगळे, गाडीतली आत्यासुद्धा, श्वास धरून त्या बुडबुड्याकडे बघत होतो, इतक्या लांबून तो दिसत नसला तरी. बाबांनी पाणसळ उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि कोणाकडेही न बघता म्हणाले, "ही बिघडलीय." आणि आत गेले.

तेव्हापासून आम्ही इथेच आहोत. आत्याने त्यांना तिची दुपारची अंधाराची खोली दिली आहे, आणि रोज चहाच्या वेळी दोघं गाडीत बसतात. पडदे ओढलेले, उशी पाठीशी, पेले झाकलेले. आत्या चालवते. परवा ती समुद्रापर्यंत जाऊन आली. हे बाहेरून गाडी धूत असतात, तीन फडक्यांनी, आणि मधूनच काच ठोकून सांगतात की 'स्पीड वाढव' नाही, वेग वाढव. लांब पल्ल्याची गाडी घ्यावी तर अशी घ्यावी, एक थेंब पेट्रोल लागत नाही. (लागत नाही. बघ, आलंच.) दोघं एका छपराखाली आली, यातच सगळं भरून पावलं. तू काही काळजी करू नकोस, इकडे यायची घाई करू नकोस, आम्ही दोन-चार दिवसांत परत फिरतोच आहोत.

तुझ्या पुलावरच्या सगळ्यांना माझे नमस्कार, पुलाखालच्या पाण्याला आशीर्वाद, आणि दाढेची आठवण ठेव.

तुझीच,
धाकटी

ता. क. : हे सांगताहेत की तुझ्या फोनमधल्या वाक्यात 'गाडी' आणि 'लागते' यांच्या आसपास कुठेतरी 'मळमळ' हा शब्द यायला हवा होता. पुढच्या खेपेला लक्षात ठेव. पाचपैकी चार गुण दिले आहेत.

ता. क. २ : हे तुझ्या-माझ्यात राहू दे. काल सकाळी मी फाटकाशी उभी होते. भाजीवाल्याचा टेम्पो आला, जो वळणावळणांच्या रस्त्याने खालच्या बाजारात जातो, ज्याला स्प्रिंग अशी नाहीतच आणि ज्यात पुढे धूर आत येतो. तुझी आई आतून पिशवी घेऊन आली, टुणकन पुढच्या जागेवर चढली, गेली, आणि परत आली ती शेंगदाणे खात, भाजीवाल्याशी भावावरून वाद घालत, गुलाबी टवटवीत. ती उतरली, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि मूठभर शेंगदाणे माझ्या हातात ठेवून म्हणाली, "नाहीतर तो आला असता का?" म्हणजे दादा, तिने तुझ्याकडून जो निरोप धाडला तो पोहोचवणारा तूही आमच्याइतकाच भोळा. तिला गाडी लागत नाही. कधीच लागत नव्हती. आणि रोज चहाच्या वेळी जी गाडी ती स्टार्टसुद्धा करत नाही, तिची किल्ली तिने ह्यांच्याकडून मागून घेऊन साखरेच्या डब्यात ठेवली आहे. बाबांना यातलं काही ठाऊक नाही, किंवा असेल. पाणसळही मी हळूच तपासली, ती मुळीच बिघडलेली नाही.

ता. क. ३ : दोन-चार दिवसांत परत फिरतोय असं वर लिहिलं ते आत्या पाठीमागे उभी होती म्हणून. वस्तुस्थिती अशी की किल्ली साखरेत आहे, बाबा परतायचं नाव काढत नाहीत, ह्यांची सुट्टी संपत आली आहे, आणि माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ अर्धवट कोरलेली दाढ घेऊन माझी वाट बघताहेत. बस मिळते ती खालच्या नाक्यावर. तिथपर्यंत फक्त टेम्पो जातो, त्यात पुढे जागा एकच आणि ती तुझ्या आईची. मागे कोबीवर बसायची माझी तयारी आहे, पण हे म्हणतात की टेम्पोवर 'ताजि भाजि' असं लिहिलंय, त्यात मी बसणार नाही. तेव्हा पूल असेल तसा सोड आणि साइटवरची जीप, ट्रक, रोलर, जे काही चाकांवर असेल ते घेऊन ये. पडदे नकोत, उशी नको, किटली नको. दादा, मला गाडी लागते. म्हणजे हवी आहे.